जुन्या जीपखाली दरवर्षी कुणीतरी शिरायला हवं

इंदुरातल्या जुन्या जीपवाल्यांचा एक ठरलेला युक्तिवाद आहे. दिल्लीतल्या बंदीची बातमी आली, आरटीओची फी वाढली किंवा घरच्यांनी ‘आता हे खटारं विका’ म्हणून तगादा लावला, की सुदामानगरपासून स्कीम 54 पर्यंत तेच उत्तर ऐकू येतं: “जुनी असेल, पण दर वेळी पास होते.” ते खोटं नसतं. आरसीवर पुढची तारीख पडलेली असते, पीयूसीचा कागद काचेच्या आत खोचलेला असतो, विमाही भरलेला असतो. जुन्या जीपवर माझाही जीव आहे, म्हणून हे लिहिताना जरा जड जातं. पण या वाक्यातून जीपबद्दल काहीच सिद्ध होत नाही. नापास होऊन परत आलेली जीप आपल्यापैकी कितीजणांनी पाहिली आहे? सगळ्या वर्गाला वर ढकलणाऱ्या शाळेचं प्रगतिपुस्तक कुणी फ्रेम करून भिंतीवर लावत नाही.

माझं म्हणणं थोडक्यात असं. जीप, जिप्सी, लष्करातून आलेली जोंगा अशा गाड्यांवर वयाची बंदी नको. पण ती टळावी असं वाटत असेल, तर पाच वर्षांतून एकदा होणारी आजची वरवरची तपासणीही आपल्याला चालता कामा नये. तपासणी दरवर्षी व्हावी, यंत्रावर व्हावी, गाडीखाली शिरून व्हावी आणि तिचा निकाल कुणालाही बघता यावा. ही मागणी सरकारकडून येण्याची वाट न बघता जीपवाल्यांनीच करावी, कारण आजच्या ढिलाईचा सगळ्यात मोठा तोटा त्यांनाच होणार आहे.

तुलनेला ब्रिटन घेतो. ते परिपूर्ण आहे म्हणून नाही, तर तिथली जुनी लँड रोव्हर आपल्या जीपची सख्खी चुलत बहीण आहे म्हणून. मॉरिस विल्क्स यांच्या शेतावर युद्धातून उरलेली एक विलिस, म्हणजे मूळ अमेरिकी, जीप होती. तिला पर्याय हवा म्हणून त्यांनी लँड रोव्हर घडवली आणि 1948 मध्ये ती ॲम्स्टरडॅमच्या प्रदर्शनात मांडली. त्याच सुमारास, 1947 पासून, आपल्याकडे महिंद्रांनी विलिसचे सुटे भाग आणून जीप जोडायला सुरुवात केली होती. दोन्हीकडे पोलादी शिडीसारखी चेसिस, पाट्यांचं (लीफ स्प्रिंगचं) सस्पेन्शन, चारही चाकांना ड्रम ब्रेक. फरक एवढाच की लँड रोव्हरची बॉडी ॲल्युमिनियमची, कारण युद्धानंतर ब्रिटनमध्ये पोलाद रेशनवर मिळत होतं.

या ॲल्युमिनियममुळे एक गंमत होते. वरून गाडी पंचवीस-तीस वर्षांनीही चकचकीत दिसते आणि खाली चेसिस आतून कुजत जाते. मागचा आडवा बीम, बाजूला आलेले आधार, पुढचं बल्कहेड (इंजिन आणि केबिन यांच्यामधली भिंत), हे तिचे ठरलेले मर्मबिंदू. ब्रिटनच्या वार्षिक तपासणीत, म्हणजे एमओटीत, जुन्या लँड रोव्हर अडकतात त्या बऱ्याचदा इथेच. सस्पेन्शन, स्टिअरिंग, ब्रेक किंवा सीटबेल्ट जिथे जोडलेला असतो, त्या जागेपासून 30 सेंटिमीटरच्या आत भार सोसणारा भाग गंजून कमजोर झाला असेल तर गाडी नापास. तिथे पुट्टी भरून रंग मारलेला चालत नाही, पत्रा वेल्ड करूनच यावं लागतं. तपासनीस हातोडीसारखं छोटं हत्यार घेऊन चेसिस ठोकून बघतो.

एमओटी 1960 मध्ये सुरू झाली तेव्हा फक्त दहा वर्षांवरच्या गाड्यांना होती. 1967 पासून ती तीन वर्षांच्या गाडीला लागते आणि मग दरवर्षी. सगळ्या मोटारी धरल्या तर पहिल्या फटक्यात साधारण दहातल्या तीन नापास होतात, आणि त्या बहुतेक दिवे, सस्पेन्शन, ब्रेक, टायर अशा साध्या गोष्टींवर. मालक दुरुस्ती करतो आणि गाडी पुन्हा घेऊन येतो. नापास होण्यात तिथे कुणाला लाज वाटत नाही. पास झालेल्या गाडीच्या कागदावरही सूचना लिहून येतात: मागच्या डाव्या पाट्याचा बुश झिजू लागला आहे, ब्रेकच्या नळीवर वरवरचा गंज आहे, लक्ष ठेवा.

हे सगळं उघड्यावर असतं, आणि मला खरा हेवा वाटतो तो याचा. गाडीचा नंबर टाकला की 2005 पासूनचा तपासणीचा इतिहास समोर येतो: कधी पास, कधी नापास, कशावर नापास, तेव्हा किती मैल चालली होती. जुनी लँड रोव्हर घ्यायला निघालेला माणूस विकणाऱ्याच्या शपथा ऐकत बसत नाही. चार वर्षं सलग ‘चेसिसवर गंज’ अशी सूचना येऊन पाचव्या वर्षी ती अचानक गायब झाली असेल, तर वेल्डिंग झालं की नुसतं काळं अंडरकोट फासलं, एवढंच विचारायचं उरतं. आपल्याकडे एमपरिवहन या सरकारी ॲपवर नंबर टाकला तर फिटनेस अमुक तारखेपर्यंत, पीयूसी अमुक तारखेपर्यंत, एवढंच कळतं. तपासणाऱ्याला काय आढळलं, कदाचित काहीच तपासलं नाही, याचा मागमूस नाही.

या उघड आकड्यांवरून कुणी ‘जुन्या लँड रोव्हर मजबूत असतात’ असा निष्कर्ष काढला तर तो मात्र घाईचा ठरेल. ज्या कुजल्या त्या कधीच भंगारात गेल्या. आज तपासणीला येतात त्या वाचलेल्या, जपलेल्या, तपासणीच्या आठवडाभर आधी मालकाने स्वतः खाली झोपून बघितलेल्या. म्हणजे जुनी गाडी भरवशाने पास होत असेल तर त्याचं श्रेय 1948 च्या पोलादाला कमी आणि दरवर्षी येणाऱ्या तारखेला जास्त. ती तारीख डोक्यावर असते म्हणून मालक वेळेवर ग्रीस भरतो.

आता आपला हिशेब. मारुतीची जिप्सी डिसेंबर 1985 मध्ये आली. तिच्याच घराण्यातली सुझुकी एसजे-410 ब्रिटनमध्येही विकली जात होती. 1986 साली नोंदलेली एक तिथली आणि एक इथली गाडी घेऊ. तिथली गाडी सतत रस्त्यावर राहिली तर 1989 पासून 2025 पर्यंत तिच्या सदतीस वार्षिक तपासण्या झाल्या असतील. इथल्या खासगी जिप्सीला आजचे नियम लावले तर पंधरा वर्षांनी पहिली, आणि मग पाच-पाच वर्षांनी: 2001, 2006, 2011, 2016, 2021, 2026. चाळीस वर्षांत सहा. मधली सगळी वर्षं तिच्याकडे कायद्याने कुणी बघत असेल तर तो पीयूसीवाला, आणि त्याचा संबंध फक्त धुराशी.

तोही जेमतेम. डिझेल जीपची धुराची चाचणी खरी तर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून, इंजिन वारंवार कमाल फेऱ्यांपर्यंत नेऊन करायची असते. जुन्या डिझेलला मर्यादाही सैल आहे, 65 हार्ट्रिज युनिट (धुराचा दाटपणा मोजायचं एकक). नंतरच्या बीएस-4 मानकाच्या गाडीला 50. एवढी सवलत असूनही पेट्रोलपंपाच्या कोपऱ्यातल्या टपरीत इंजिन कमाल फेऱ्यांपर्यंत कोण नेतं, ते आपण सगळेच जाणतो. दिल्लीबद्दलच्या कॅगच्या अहवालात तर एकाच केंद्रावर एकाच वेळी एकाहून जास्त गाड्या तपासल्याच्या नोंदी सापडल्या होत्या. पंधरा वर्षांनंतरच्या त्या ‘मोठ्या’ तपासणीतही सगळ्यात काळजीने काय होतं तर चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासतात. नंबर उमटला की गाडी तीच आहे हे ठरलं. ती थांबते का, हा प्रश्न बऱ्याचदा कुणाला पडतच नाही.

एका जीपखालचं चित्र सांगतो. पालद्याच्या बाजूला एक गॅरेज आहे, खड्डा असलेलं जुन्या पद्धतीचं. तिथे महिंद्राची एक एमएम 540 जीप उभी होती, पाच वर्षांचं नूतनीकरण नुकतंच झालेली. रंग ऑलिव्ह हिरवा, नवी ताडपत्री, बंपरवर विंच. मिस्त्री खाली उतरला आणि चेसिसला हातोडीने ठोकत मागे सरकला. पुढे टण् टण् असा भरीव आवाज, मागच्या पाट्याच्या शॅकलपाशी, म्हणजे पाटा चेसिसला जोडणाऱ्या कडीपाशी, एकदम थप्प. तिथे स्क्रूड्रायव्हर टेकवून दाबला तर तो आत गेला आणि बाहेर पडली ती आपली माळव्याची काळी माती. ही माती एकदा चेसिसच्या पोकळीत शिरली की पावसाळ्यानंतर कितीतरी महिने ओल धरून बसते. मुंबई-कोकणच्या गाड्या खाऱ्या वाऱ्याने कुजतात, आपल्याकडे हे काम माती करते, आणि आपण मात्र ‘इंदूरची कोरडी हवा’ म्हणून निर्धास्त राहतो.

मग त्याने मागचं डावं चाक काढून ड्रम उतरवला. हबचं सील गेलेलं, त्यामुळे डिफरन्शियलचं तेल झिरपून लायनर चपचपीत भिजलेले. त्या चाकाला ब्रेक म्हणून काही उरलंच नव्हतं. उजव्या बाजूचा ब्रेक शाबूत, म्हणजे जोरात दाबला की गाडी उजवीकडे ओढणार. डिफरन्शियलचा नट ढिला केला तर तेल दुधाळ आलं. नदी ओलांडताना आत पाणी गेलं होतं, बहुधा ब्रीदर (हवा जाण्याची नळी) तुंबलेला असावा. पाट्यांच्या गठ्ठ्यातला एक पाटा मधोमध तुटलेला. स्टिअरिंग चार बोटं फिरवलं तरी चाक जागचं हलत नव्हतं. मालकाला यातलं काही माहीत नव्हतं, आणि तो निष्काळजी माणूस मुळीच नव्हता. दर आठवड्याला गाडी धुणारा, तिचे फोटो काढणारा, घरच्यांची बोलणी खाऊन तिच्यावर पैसे घालणारा. त्याला सांगायला कुणी नव्हतं, आणि ज्यांनी सांगायचं त्यांनी ‘पास’ असा शिक्का मारून दिला होता.

यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट चांगल्या तपासणीत पंधरा-वीस मिनिटांत सापडते. रोलरवर मागची चाकं फिरवली की डाव्या-उजव्या ब्रेकमधला फरक पडद्यावर येतो. हलणाऱ्या पट्ट्यांवर पुढची चाकं उभी केली की किंगपिन आणि टाय रॉड या स्टिअरिंगच्या भागांची ढिलाई दिसते. बाकीच्याला हातोडी, बॅटरी आणि खाली शिरायची तयारी पुरते.

अशी गाडी नेहरू पार्कच्या रस्त्यावर वीसच्या वेगाने चालते तोवर कुणाचं काही बिघडत नाही. पण इंदूरची जीप रविवारी चोरलला जाते, जानापावला चढते, मांडूला जाते. खंडव्याच्या रस्त्यावर भेरूघाट आहे. आग्रा-मुंबई रस्त्यावर माळव्याच्या पठारावरून निमाडात उतरणारा गणेश घाट ब्रेक फेल झालेल्या ट्रकांच्या अपघातांसाठी वर्षानुवर्षं कुप्रसिद्ध आहे. जुन्या जीपमध्ये बऱ्याचदा ब्रेकचं एकच सर्किट असतं. एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक एकदम जातो. पाण्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या ड्रमला तर दोन-तीन वेळा पेडल दाबून कोरडं केल्याशिवाय पकड येतच नाही. घाटात खाली जे उभे असतात त्यांना जीपची परंपरा, विलिसचा वारसा वगैरेंशी काही घेणं नसतं.

आकड्यांचा आधार घेऊन कुणी म्हणेल, देशात 2022 मध्ये रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली, त्यांत 71 टक्के मृत्यू अतिवेगाच्या नावावर नोंदले गेले, मग जुन्या जीपच्या ब्रेकमागे का लागता? पण अपघाताच्या नोंदीत वेग लिहिणं सोपं असतं. धडकलेल्या गाडीचा ड्रम उघडून लायनर तेलकट होते का, हे बघून नोंद करणारा अंमलदार मला तरी माहीत नाही.

आता वयाच्या बंदीकडे येऊ, कारण खरी गोम तिथे आहे. राजधानी क्षेत्रात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर हरित लवादाने बंदी घातली आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. जुलै 2025 मध्ये अशा गाड्यांना पंपावर इंधनच नाकारायचा प्रयोग झाला आणि काही दिवसांतच आवरता घ्यावा लागला. सरकारी गाड्यांचं तर ठरूनच गेलं: एप्रिल 2023 पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाडीची नोंदणी पुढे वाढत नाही, मग ती वनखात्याच्या एखाद्या जुन्या ड्रायव्हरने पोटच्या पोरासारखी सांभाळलेली जिप्सी का असेना. हे सगळं अन्यायाचं आहे, आणि जीपवाले ते बरोबरच सांगतात. पण शासन कॅलेंडरकडे का वळलं, याचा विचार ते करत नाहीत. गाडीची अवस्था सांगणारी विश्वासार्ह नोंदच नसेल, तर न्यायाधीशाने किंवा अधिकाऱ्याने कशाच्या आधारे ही ठेवा आणि ती काढा असं ठरवायचं? जन्मतारीख तेवढी खोटी पाडता येत नाही, म्हणून तीच धरली जाते. फिटनेसच्या कागदाची पत आपणच घालवली, त्याची किंमत आपल्या गाड्यांच्या वयाने चुकती होते आहे.

म्हणून एजंटाला चार पैसे जास्त देऊन ‘गाडी न नेता काम झालं’ असं अभिमानाने सांगणारे लोक भेटले की मला वैताग येतो. असा प्रत्येक कागद दिल्लीतल्या बंदीची बाजू थोडी आणखी बळकट करतो.

आपल्याकडे दरवर्षीची तपासणी अजिबात नाही असंही नाही. ती व्यावसायिक गाड्यांना आहे: आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी. दार्जिलिंगकडे मानेभंजनपासून संदकफूपर्यंत सुमारे तीस किलोमीटरच्या चढावर 1950 च्या दशकातल्या लँड रोव्हर आजही प्रवासी नेतात. अनेकांत मूळ इंजिन केव्हाच गेलं, पण चेसिस, पाटे, गिअर यांची देखभाल तिथले लोक रोजच्या भाकरीसाठी करतात. आपल्या शेजारी झाबुआ-अलीराजपुरात ‘तूफान’ गाड्या, त्याआधी कमांडर जीप, आठवडी बाजाराला माणसं भरभरून नेत आल्या आहेत. त्यांनाही फिटनेस लागतो. भगोरियाच्या, म्हणजे होळीआधीच्या आदिवासी जत्रेच्या, दिवसांत टपावर बसलेली माणसं बघितली की त्या कागदात नेमकं काय तपासलं असेल असा प्रश्न पडतो. म्हणजे नुसतं ‘दरवर्षी’ म्हणून भागत नाही. पेन्सिल घासायचीच असेल तर ती पाच वर्षांतून एकदा घासली काय आणि दरवर्षी घासली काय, सारखंच.

याच जागी 2021 मध्ये आलेल्या स्वयंचलित चाचणी केंद्रांच्या नियमांचं मी स्वागत करतो, जीपवाल्या मित्रांच्या कपाळावर आठ्या पडल्या तरी. या नियमांत एक गोष्ट ब्रिटनपेक्षाही चांगली आहे. तिथे एमओटी करणारं गॅरेजच बहुतेकदा दुरुस्तीही करतं, त्यामुळे कामं काढून बिल फुगवायचा मोह राहतो. आपल्या नियमांनुसार चाचणी केंद्र चालवणाऱ्याला गाड्यांची दुरुस्ती, विक्री किंवा सुट्या भागांचा धंदा करता येत नाही. मोजमाप यंत्र करतं आणि आकडा थेट संगणकात जातो. केंद्रं उभी राहायला वेळ लागला, सक्तीच्या तारखा पुढे ढकलल्या गेल्या, ठिकठिकाणी यंत्रालाही चकवणारे महाभाग निघतील. तरी पेन्सिलपेक्षा रोलर बरा.

पण रोलरला जीप कळायला हवी. जुन्या सीजे मालिकेच्या जीपचा आणि लँड रोव्हरचा हँडब्रेक चाकांत नसतो. तो ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) मागे, शाफ्टवर असतो. साध्या मोटारीसारखा तो रोलरवर तपासला तर आकडा तरी चुकीचा येतो किंवा शाफ्टच्या जॉइंटला झटका बसतो. चारही चाकांना कायम ताकद जाणारी गाडी एका ॲक्सलच्या रोलरवर चढवली तर गिअरमधलं काहीतरी मोडण्याचीच शक्यता. ब्रिटनमध्ये अशा गाड्यांसाठी वेग किती झटकन कमी होतो ते मोजणारं छोटं उपकरण गाडीत ठेवून रस्त्यावर ब्रेक लावून बघतात. आपल्या केंद्रांतही ही सोय नियमात लिहून घ्यावी लागेल, नाहीतर धडधाकट जीप नापास होईल आणि मोडकी मोटार पास. पुनर्चाचणीत नापास झालेली गाडी आयुष्य संपलेली ठरवायची तरतूद 2021 च्या नियमांत होती, हे लक्षात घेतलं तर हा किरकोळ तांत्रिक मुद्दा राहत नाही. आणि असं शिकायला इंदूरपेक्षा सोयीची जागा कुठली? तासाभराच्या अंतरावर पीथमपूरला 11.3 किलोमीटरचा वेगवान गोल ट्रॅक असलेलं नॅट्रॅक्स हे वाहन-चाचणी केंद्र उभं आहे. तिथे नव्या गाड्यांचे ब्रेक मीटर-सेंटिमीटरात मोजले जातात. त्याच जिल्ह्या-दोन जिल्ह्यांतल्या जुन्या गाड्यांचे मात्र अंदाजाने.

दुसरी अडचण बदलांची. मूळ जीपमध्ये कुणी बोलेरोचा पुढचा ॲक्सल आणि डिस्क ब्रेक बसवतो, कुणी पॉवर स्टिअरिंग, कुणी दोन सर्किटांचा मास्टर सिलिंडर. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा आणि सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी 2019 च्या निकालाचा अर्थ असा की कंपनीने ठरवलेल्या रचनेत फेरफार केलेली गाडी नोंदणीस पात्र नाही. हरियाणातल्या डबवालीहून रुंद टायर, कापलेली चेसिस आणि डोळे दिपवणारे दिवे लावून आलेल्या ‘लांडी’ जीप बघितल्या की हा कडकपणा का आला ते समजतं. पण त्या एकाच झाडूने डिस्क ब्रेकही झाडून टाकले गेले. परिणाम असा की सुरक्षिततेसाठी बदल करणारा माणूस तपासणीपासून तोंड लपवतो, किंवा नूतनीकरणापुरते जुने ड्रम परत बसवून घेतो. ब्रेक, स्टिअरिंग आणि सीटबेल्ट सुधारणाऱ्या ठरावीक बदलांची यादी करून, यंत्रावर तपासून ते आरसीवर चढवता यायला हवेत. चेसिस कापणं, उंची वाढवणं आणि दिव्यांचा थयथयाट यांना खुशाल नापास करा, माझी तक्रार नाही.

पन्नाशीच्या गाड्यांसाठी जुलै 2021 पासून वेगळी नोंदणी आहे: नंबरात ‘व्हीए’, फी 20,000, मुदत दहा वर्षं, आणि गाडी बाहेर काढायची ती प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती अशा कामांपुरती. यशवंतराव होळकरांच्या ड्यूझेनबर्गसारख्या गाड्यांना हे शोभतं. देपाळपूरच्या शेतावर खताची पोती नेणाऱ्या सीजे-3बीला ते कपाटात ठेवण्यासारखं आहे. ब्रिटनने 2018 मध्ये चाळीस वर्षांवरच्या, मोठे बदल न केलेल्या गाड्यांना एमओटीतून मोकळं केलं. जुन्या गाड्या कमी चालतात आणि जपल्या जातात, असा त्यामागचा विचार. शोभेच्या मोटारीला तो लागू असेल. चिखलात, पाण्यात, चढावर राबणाऱ्या गाडीला वयानुसार सूट देणं मला उलटं वाटतं, आणि ती सूट आपल्याकडे कुणी मागू नये.

राहिला पैशाचा प्रश्न. शेतकऱ्याच्या जुन्या जीपवर दरवर्षी तपासणीचा बोजा कशाला, हा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो, कारण निमाडातल्या एखाद्या पाड्यावर तीच जीप रात्री रुग्णवाहिकाही होते. पण आजचा बोजा बघा. खासगी मोटारीच्या नूतनीकरणाची फी 600 रुपये होती, एप्रिल 2022 पासून ती 5,000 झाली, आणि ऑगस्ट 2025 मध्ये वीस वर्षांवरच्या गाडीसाठी 10,000. एवढे पैसे घेऊन गाडीखाली कुणी वाकत नाही. ही फी गाडी सोडून द्यावी म्हणून लावलेला दंड आहे, तिला सेवेचा मोबदला म्हणता येणार नाही. तेच 10,000 पाच वर्षांत विभागले तर वर्षाला 2,000 होतात. त्यात रोलर, हातोडी, छापील निकाल आणि एक मोफत पुनर्चाचणी सहज बसावी. शेतीच्या गाड्यांना अर्धी फी ठेवा. फीविरुद्ध निवेदनं देणाऱ्या आमच्या जीपवाल्यांनी रक्कम कमी करा म्हणण्याऐवजी त्या रकमेत काय करून देता ते विचारलं असतं, तर मी पहिली सही केली असती.

सरकार हे उद्या करणार नाही, हे मलाही कळतं. तोवर इंदूरच्या जीपवाल्यांना एक गोष्ट स्वतः करता येईल. पावसाळा संपला की, दसऱ्याला हार घालायच्या आधी, खड्डा असलेलं एखादं गॅरेज दोन दिवस भाड्याने घ्यावं, बाहेरचा तपासनीस बोलवावा आणि सगळ्या जीप खालून तपासून घ्याव्यात: चेसिस, चारही ड्रम, स्टिअरिंगची ढिलाई, पाटे, ब्रेकच्या नळ्या. मग निकाल नंबरप्लेटसकट जाहीर करावा, नापास गाड्यांसह. पहिल्या वर्षी निम्म्याहून जास्त जीप नापास होतील असा माझा अंदाज आहे, आणि कित्येक मालक नंबर जाहीर करायला तयार होणार नाहीत. जे तयार होतील त्यांच्यापासून सुरुवात करावी. दुसऱ्या वर्षीच्या यादीशेजारी पहिल्या वर्षीची यादी ठेवता आली, की मग भोपाळला परिवहन खात्याकडे निवेदन घेऊन जायला हातात काहीतरी असेल.